ट्रॉलीमागे दहा रुपये



गळीत हंगाम संपला की या पत्रकाची पाने आम्ही बहुतेक आकड्यांनी भरतो. गाळप किती, उतारा किती, हंगाम किती दिवस चालला, वीज किती युनिट विकली, डिस्टिलरीत किती लिटर निघाले. सभासदांनाही तेच वाचायचे असते आणि त्यात गैर काही नाही. या वेळी मात्र एका लहानशा आकड्याबद्दल लिहावे असे आम्हांला वाटते. हा आकडा कारखान्याच्या ताळेबंदात सापडणार नाही.

वजनकाट्याकडे वळणाऱ्या रस्त्यावर ट्रॉली दुरुस्तीचे एक वेल्डिंगचे दुकान आहे. पत्र्याची शेड, दोन वेल्डिंग मशिने, एक गॅस कटर आणि मालक धरून चार माणसे. हंगामात तिथे रात्री अकरालाही ठिणग्या उडताना दिसतात. कुणाचा हूक तुटलेला, कुणाचा पाटा गेलेला, कुणाच्या फाळक्याची बिजागरी निघालेली. उसाने भरलेली ट्रॉली रस्त्यात उभी राहिली म्हणजे काय होते, हे बैलगाडीपासून ट्रॅक्टरपर्यंत आलेल्या आपल्या सभासदांना सांगायला नको. त्या वेळी कारखान्याचा चेअरमन आठवत नाही, मिस्त्री आठवतो.

या मिस्त्रींनी मागल्या हंगामाच्या सुरुवातीला शेडच्या खांबाला एक डबा बांधला. दुरुस्त झालेल्या प्रत्येक ट्रॉलीमागे स्वतःच्या मजुरीतले दहा रुपये त्यात टाकायचे. गिऱ्हाइकाकडून जादा काही घ्यायचे नाही. हंगाम संपल्यावर डबा उघडला, तेव्हा ११,४२० रुपये निघाले. त्यात पदरचे ५८० घालून त्यांनी बारा हजारांचा चेक एका व्यसनमुक्ती केंद्राच्या नावाने काढला आणि पोस्टाने पाठवून दिला. फोटो नाही, हार नाही, बोर्ड नाही. आम्हांला तरी कळले ते बँकेत चेकबुकासाठी रांगेत उभे असताना.

गावात मात्र चर्चा व्हायची ती झालीच. पारावर एक जण म्हणाला, "दारुड्यांना पैसे द्यायचे म्हणजे विहिरीत टाकायचे." दुसरा म्हणाला, "देवळाच्या पत्र्याला दिले असते तर पाटीवर नाव तरी आले असते." तिसऱ्याने आवाज खाली आणून विचारले, "मिस्त्रीच्या घरात कुणी आहे का तसलं?"

आम्ही मिस्त्रींना सरळच विचारले. ते काम करता करता म्हणाले, "देवळाला देतोच की दरसाल. ह्ये येगळं. आपल्याकडचा कटिंगवाला गडी तुम्हांला ठावं हाय. हात असा, की पट्टी न लावता सरळ लाईन मारायचा. त्याचं हात सकाळचं कापाय लागलं. दोन घोट घेतल्याबिगर टॉर्च धरवंना. पैलं शिव्या दिल्या, मग कामावरनं काढला, मग परत घेतला. शेवटाला त्याची बायकू आली आन् म्हनली, दादा, ह्येला कुठं तरी न्या. नेला. आता तिसरं वरीस चाललंय. मधी एकदा घसरला, पुन्हा नेला. त्या लोकांनी मला पावतीशिवाय एक पैसा मागितला न्हाई. मग आपुन काय करायचं?"

एवढे बोलून त्यांनी काच डोळ्यांवर ओढली आणि पुढची ट्रॉली घेतली.

आम्ही काय छापत आलो

मिस्त्रींचे हे बोलणे ऐकून आम्ही घरी आलो आणि या पत्रकाचे जुने अंक काढून बसलो. सभासदांपुढे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. या पत्रकात दर अंकाला शेवटच्या पानावर 'दुःखद निधन' अशी चौकट असते. त्यात कामगार असतात, सभासद असतात, सभासदांची तरुण मुले असतात. "अल्पशा आजाराने निधन झाले" हे वाक्य आम्ही वर्षानुवर्षे छापत आलो. त्यांतल्या काही घरांच्या मातीला आम्ही स्वतः गेलो होतो. आजार अल्पसा नव्हता. आठ-आठ, दहा-दहा वर्षे तो सगळ्या गावाला दिसत होता. डोळे पिवळे झाले होते, पोटात पाणी झाले होते, जमीन गहाण पडली होती. घरच्यांच्या मनाला लागू नये म्हणून आम्ही 'अल्पसा' लिहिले. हेतू वाईट नव्हता. पण त्याच अंकांत पहिल्या पानावर डिस्टिलरीच्या विक्रमी उत्पादनाची बातमी आम्ही ठळक टाइपात दिलेली आहे. ही दोन पाने आम्ही कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिली नाहीत. एका वेल्डिंगवाल्याच्या डब्यामुळे ती पाहावी लागली.

म्हणून हा लेख. मिस्त्रींचे कौतुक करून थांबायचे असते तर चार ओळी पुरल्या असत्या.

हा आजार आहे का?

पहिला आक्षेप असा, की दारू ही खोड आहे, आजार नव्हे. मनात आणले तर माणूस सोडू शकतो. पिणाऱ्यांपैकी पुष्कळ जण सोडू शकतात, हे खरेच. परंतु ज्याला व्यसन जडले, त्याचे शरीरच दारूवर चालायला लागते. तो दारू अचानक बंद करतो तेव्हा हात थरथरतात, घाम फुटतो, झोप जाते. काहींना झटके येतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भास होऊ लागतात, समोर नसलेली माणसे दिसतात. या अवस्थेत डॉक्टर जवळ नसेल तर माणूस दगावूही शकतो. म्हणूनच "खोलीत कोंडून घाला, आपोआप उतरेल" हा आपल्याकडचा रामबाण उपाय धोक्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने या अवलंबित्वाची आजारांत गणना केलेली आहे. मधुमेह झालेल्याला आपण "साखर खाल्लीस म्हणून भोग" म्हणत नाही. इन्सुलिनची सोय करतो आणि वर दोन शब्दही सुनावतो. इथेही दोन्ही गोष्टी करता येतात.

दुसरा आक्षेप, की असे लोक किती? केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या 'एम्स'ने देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. दहा ते पंचाहत्तर वयाच्या लोकांपैकी १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक दारू पितात असे त्यात आढळले. त्यांपैकी दारूमुळे मदतीची गरज पडावी अशा अवस्थेतले सुमारे पावणेसहा कोटी. आणि सर्वांत वाईट आकडा पुढेच आहे. दारूचे पक्के व्यसन जडलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलेतरी उपचार मिळाल्याचे दिसले. दवाखान्यात दाखल होऊन उपचार मिळाले, असे तर १८० जणांत एक. आपल्या कारखान्यात शंभर एकर ऊस नोंदला आणि तीन एकरही तुटला नाही, तर सभासद शेतकी ऑफिसवर मोर्चा आणतील. इथे मोर्चा आणणारे कुणी नाही. ज्याला आजार आहे तो कबूल करत नाही आणि ज्या घराला तो भोवतो ते घर लाजेने गप्प बसते.

या गप्प बसण्यामुळेच व्यसनमुक्तीच्या संस्थांना देणगी मिळणे अवघड जाते. शाळेला देणगी दिली की वर्गखोली दिसते. देवळाला दिली की कळस दिसतो. इथे काय दिसते? एक माणूस आज प्यायला नाही, एवढेच. उद्याचे कुणी सांगावे? मिस्त्रींचा गडी मध्ये घसरला, तेव्हा पारावरच्या मंडळींनी "बघा, आम्ही म्हणत नव्हतो?" असे म्हणून घेतले. पण या आजारात घसरण ही पुष्कळांच्या वाट्याला येते, आणि घसरलेला माणूस पुन्हा केंद्रात गेला तर तो उपचाराचाच भाग झाला. एक खोडवा वाया गेला म्हणून आपण ऊस लावायचे बंद करत नाही.

एका देणगीची गोष्ट

लहान देणगीने काय होणार, असेही विचारले जाते. महाराष्ट्रातलीच एक गोष्ट सांगतो. पुण्यात गर्दचे, म्हणजे ब्राऊन शुगरचे व्यसन पसरत होते, तेव्हा डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. त्यांनी या कामासाठी एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. त्यांनी काम अंगावर घेतले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच रुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झाले. त्या १९९७ मध्ये गेल्या, अवचट २०२२ मध्ये गेले. केंद्र चालू आहे आणि त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर ते सांभाळत आली आहे.

लाखाची देणगी त्या काळी लहान नव्हती, हे मान्य. परंतु ध्यानात घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. देणारा लेखक होता. पुस्तके आणि नाटके यांतून आलेला पैसा त्याने दिला. त्याच्या घरचा तो प्रश्न नव्हता. तरी त्याने वाचले आणि वाचून तो नुसता हळहळला नाही. पैसे आले म्हणून काम करणाऱ्यांना "जागा कुठे, पगार कुठून" या प्रश्नावर अडून राहावे लागले नाही.

अशा केंद्रांत काय चालते हे पुष्कळांना माहीत नसते. तिथे कुणी मंत्र घालत नाही की जादूची पुडी देत नाही. पहिले काही दिवस डॉक्टरी औषधोपचार, शरीरातले विष उतरेपर्यंत. मग वेळेवर उठणे, आपले अंथरूण आपण काढणे, व्यायाम, झाडलोट, गटात बसून बोलणे, समुपदेशकाशी एकट्याने बोलणे. महिना-सव्वा महिन्याचा हा मुक्काम. त्यानंतर घरी जाऊन ठरल्या वारी भेटीला येत राहणे. हा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि आपली माणसे नेमकी इथेच कच खातात. शिकवणाऱ्यांत पुष्कळ जण स्वतः त्याच वाटेने गेलेले असतात. त्यामुळे नवा आलेला "तुम्हांला काय कळणार" असे म्हणू शकत नाही. मुक्तांगणात बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. घरात एक जण पितो, पण झोप चार माणसांची जाते, हे ओळखणारी ही योजना आहे.

या सगळ्याला पैसा लागतो. डॉक्टरचा पगार, औषधे, जेवण, विजेचे बिल. ज्याची जमीन गेली, नोकरी गेली, असाच माणूस शेवटी तिथे येतो. त्याच्याकडून पूर्ण खर्च कसा घेणार? हा फरक देणगीने भरून काढायचा असतो. मिस्त्रींचे बारा हजार इथे कामी येतात. कुणाच्या तरी औषधाचे, कुणाच्या तरी जेवणाचे, कुणाच्या तरी बायकोच्या एसटीच्या तिकिटाचे. त्यातून कळस होत नाही आणि व्हायचीही गरज नाही.

देताना डोळे उघडे ठेवा

दानत दाखवायची म्हणजे डोळे मिटून द्यायचे, असे आमचे म्हणणे नाही. आपण सहकारी माणसे. व्हाउचर पाहिल्याशिवाय आपल्याला चहा गोड लागत नाही. म्हणून दुकानदार, गाडीवाले, दूध संकलनवाले, पिठाची गिरणीवाले, ज्या कुणाला असे काही द्यावेसे वाटेल त्यांनी थोडी चौकशी करावी.

संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का? हिशेब तपासून घेतलेले आहेत का आणि मागितले तर दाखवते का? मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्याखाली केंद्राची नोंदणी आहे का? तिथे डॉक्टर खरोखर येतो, की नुसती पाटी आहे? माणसांना मारहाण करणारी, साखळी घालणारी, नातेवाइकांना भेटू न देणारी ठिकाणेही 'व्यसनमुक्ती' नावाखाली चालतात. अशांना एक रुपया देऊ नये आणि आपला माणूस तर मुळीच देऊ नये. एकदा स्वतः जाऊन, तिथे दुपारचे जेवण जेवून यावे. आमटीची चव आणि बसलेल्या माणसांचे चेहरे, यांवरून बरेच कळते.

पैसे शक्यतो चेकने किंवा बँकेतून द्यावेत. आयकर भरणाऱ्या लहान व्यापाऱ्याला, तो जुन्या पद्धतीने कर भरत असेल आणि संस्थेला तशी मान्यता असेल, तर देणगीवर करात सवलत मिळते. दोन हजारांवर रोख दिले तर ती मिळत नाही. अर्थात सवलतीसाठी देणारे निराळे आणि मिस्त्री निराळे. पण हक्काचे असेल ते सोडू नये.

आणखी एक. "पिणाऱ्याच्या नकळत भाजीत घाला, सात दिवसांत दारू सुटेल" अशा जाहिराती भिंतीवर, बसमध्ये, आता मोबाइलवरही येतात. घरच्या बायका बिचाऱ्या दागिना मोडून ही पुडी मागवतात. दारूबरोबर घेतल्यास त्रास व्हावा असे एक औषध डॉक्टर देतात, हे खरे. पण ते पेशंटला सांगून, त्याची तपासणी करून. तेच न सांगता पोटात गेले आणि वर माणूस दारू प्याला, तर उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब खाली येणे, प्रसंगी जिवावर बेतणे, असे सर्व होते. तेव्हा पुडीला दिलेले पैसे हे दान नव्हे आणि उपचारही नव्हे.

'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' या मंडळींची गोष्ट वेगळी. अमेरिकेत १९३५ मध्ये दारू सोडलेल्या दोघांनी सुरू केलेली ही चळवळ आपल्याकडेही पुष्कळ गावांत आहे. ते बाहेरच्यांची देणगी घेतच नाहीत. स्वतःच्या टोपीत जमेल तेवढ्यावर भागवतात. त्यांना पैसे देऊ करू नयेत. आठवड्यातून एक संध्याकाळ बसायला खोली मिळवून द्यावी. तिचेही भाडे ते देतील, ते घ्यावे.

आणि आपण?

आता अवघड प्रश्नाकडे येतो. मिस्त्री ट्रॉली जोडतात आणि दारुड्या माणसाला उभे करण्यासाठी दहा रुपये काढतात. आपण काय करतो?

टनामागे साधारण ४० ते ४५ किलो मळी निघते. टनभर मळीतून सव्वादोनशे ते अडीचशे लिटर अल्कोहोल होते. पाच लाख टन गाळणाऱ्या कारखान्याचा हिशेब कुणीही सभासद बोटांवर करू शकेल. पन्नास लाख लिटरच्या आसपास जातो. यातला मोठा वाटा आता इंधनाला जातो. पेट्रोलमधले इथेनॉल २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले, आणि त्यामुळे उसाच्या बिलाला आधार मिळाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. औषधे आणि रसायने यांनाही अल्कोहोल लागते. तथापि मळीच्या स्पिरिटमधला काही वाटा बाटलीत जातो. देशी दारूच्या त्या बाटलीवर आपल्या शिवाराचे नाव नसते, एवढेच. बॉटलिंगहून निघालेला माल फिरून कुठे येतो? तोडणी टोळ्यांच्या खोपींपाशी, कारखान्याच्या गेटापासून हाकेच्या अंतरावर, आठवड्याच्या पगाराच्या दिवशी.

तोडणी मजुरांचे तर बोलायलाच नको. उचल घेऊन घर सोडायचे, पहाटेच्या थंडीत फडात उतरायचे, रात्री उशिरा गाडी भरून द्यायची. अंग ठणकते म्हणून आधी थोडी, मग रोजची. उचल फिटत नाही, पुढल्या वर्षी कोयता पुन्हा बांधला जातो. टोळीतल्या बायकांना विचारा, म्हणजे उतारा कुठे घटतो ते कळेल.

यावर काही मंडळी म्हणतील, "मग डिस्टिलरी बंद करा." आम्ही तसे म्हणत नाही. बाटलीचा माल दुसऱ्या ठिकाणाहून येईल आणि आपले कर्ज आपल्या डोक्यावर राहील. दुसरे काही म्हणतील, "एका हाताने पाजायची आणि दुसऱ्या हाताने सोडवायची, हे ढोंग नव्हे का?" हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारला. देणगी देऊन हात वर करायचे असतील, पाटी लावून मिरवायचे असेल, तर ते ढोंगच. पण न दिल्याने डिस्टिलरी काही सोवळी होत नाही. जो खर्च आपल्या धंद्यामुळे दुसऱ्याच्या घरावर पडतो, त्यातला थोडा आपल्या खात्यावर घेणे याला दान म्हणू नये, हिशेब म्हणावा. प्रदूषण मंडळाने सांगितले म्हणून आपण स्पेंटवॉशची व्यवस्था केली. ते आपण दान म्हणून केले का?

आता नुसती टीका करून उपयोग नाही, म्हणून वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे विचारार्थ चार गोष्टी ठेवतो.

एक. पिण्याच्या दारूसाठी जेवढे स्पिरिट विकले जाते, त्याच्या लिटरमागे पंचवीस पैसे निराळे लिहावेत. समजा, दहा लाख लिटर गेले, तर अडीच लाख रुपये होतात. १९६० च्या सहकारी कायद्यात नफ्यातून धर्मादाय कामाला रक्कम देण्याची वाट आहे. तिला मर्यादा आहेत, मंजुऱ्या आहेत. नफाच नसेल त्या वर्षी ही वाट बंद. तेव्हा त्या वर्षी काय करायचे, हे दुसऱ्या मुद्द्यात.

दोन. ज्या सभासदाची इच्छा असेल त्याने लेखी संमती देऊन टनामागे दहा पैसे द्यावेत. साठ टन ऊस घालणाऱ्याचे सहा रुपये होतात. सक्ती नको. आपल्या बिलातून न विचारता झालेल्या कपातींची यादी काही लहान नाही आणि तीत भर घालायची आमची इच्छा नाही. विचारून घेतलेले सहा रुपये हे न विचारता घेतलेल्या साठांपेक्षा बरे.

तीन. कामगाराने स्वतः येऊन "मला उपचार घ्यायचे आहेत" असे सांगितले, तर त्याला महिना-सव्वा महिन्याची रजा मिळावी, नोकरी राहावी आणि ही गोष्ट टाइम ऑफिसातून गावभर होऊ नये. आपल्याकडे तर बंद हंगाम आहे. मे-जूनमध्ये बॉयलर उघडून आपण त्याच्या नळ्या साफ करतो. त्याच दिवसांत माणसालाही सवड देता येईल. यंत्राचे ओव्हरऑइलिंग आपण कधी चुकवत नाही.

चार. तोडणी टोळ्यांच्या तळावर हंगामात महिन्यातून एकदा केंद्राच्या माणसांना बोलवावे. भाषण नको, त्यांनी बसून बोलावे. बायकांचे आधी ऐकावे. कायद्याने गावातल्या महिलांना दारूच्या दुकानाविरुद्ध मतदान मागण्याचा हक्क आहे. उभी बाटली की आडवी बाटली, हे मतपत्रिकेवर ठरते. एकूण मतदारांत निम्म्याहून जास्त मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. परंतु तोडणीला आलेल्या बाईचे मत तिच्या गावी असते. इथल्या दुकानापुढे तिला काही बोलता येत नाही. तिच्या वतीने बोलायचे असेल तर ते आपणच बोलले पाहिजे.

या चार गोष्टींपैकी शेवटच्या दोनांना पैसा जवळपास लागतच नाही. तेव्हा "कारखाना अडचणीत आहे" हे नेहमीचे उत्तर तिथे तरी चालू नये.

आम्ही हे लिहितो तेव्हा काही घरांत हा अंक दुमडून ठेवला जाईल, कारण विषय घरातलाच आहे. त्या घरांना एवढेच सांगायचे, की यात लाजेसारखे काही नाही. मधुमेहाला लाजत नाही, तसेच. आमच्याकडे आलात तर चौकशी केलेल्या केंद्राचा पत्ता मिळेल, आणि नाव या पत्रकात येणार नाही. जे संचालक बंधू हा लेख वाचून रागावतील, त्यांचे उत्तर आम्ही याच पानावर छापू.

आणि 'दुःखद निधन'च्या चौकटीचे काय करायचे? घरच्यांच्या इच्छेशिवाय कारण छापणार नाही, तो त्यांचा अधिकार आहे. पण यापुढे आम्ही होऊन 'अल्पशा आजाराने' हे शब्द घालणार नाही. नुसते 'निधन झाले' असे छापू.

मिस्त्रींनी नव्या हंगामासाठी डबा धुऊन पुन्हा खांबाला बांधला आहे. कडी जरा मोठी केली आहे, एवढेच. शेजारच्या टायर पंक्चरवाल्यानेही त्यांच्याकडून तसाच एक डबा करून घेतला असे कळते. मजुरी घेतली का, असे आम्ही विचारले नाही. सभेला येताना सभासदांनी त्या रस्त्याने यावे आणि सभेत हा विषय निघाला तर हात वर करण्यापूर्वी तो डबा एकदा आठवावा, ही विनंती.